गिअर माझा, कुलूप त्यांचं

गेल्या पावसाळ्यात धायरी फाट्याजवळ डावीकडे वळताना माझ्या मोटरसायकलचा साइड स्टँड रस्त्याला घासला आणि गाडी क्षणभर हातातून गेली. पडलो नाही, हे नशीब. स्टँड वर घ्यायला मी विसरलो होतो, ही चूक माझीच. पण माणसं विसरतात हे गृहीत धरूनच गाडीत एक सोय दिलेली असते: स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. माझ्या गाडीत ती सोय कापून टाकलेली होती. ती का कापावी लागली, यावर माझं भांडण आहे.

गिअर पोझिशन सेन्सर नावाचा एक छोटासा भाग असतो. आपण पायानं गिअर टाकतो तेव्हा आतला ड्रम फिरतो. त्याच्या टोकाशी हा सेन्सर बसतो आणि ड्रम किती फिरला त्यानुसार शून्य ते पाच व्होल्टच्या मधला एक आकडा ईसीयूला पाठवतो. त्या आकड्यावरून ईसीयू गिअर ओळखतो, मीटरवर दाखवतो, इंधन आणि स्पार्कचं गणित करतो. स्टँडवर उभ्या गाडीचं इंजिन चालू राहू द्यायचं की नाही, हेही त्यावरूनच ठरतं.

माझा सेन्सर गेला. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मामांनी नवा, कंपनीचाच, पाकीटबंद सेन्सर आणून बसवला. पण नव्या सेन्सरचे आकडे जुन्याशी तंतोतंत जुळत नाहीत. ते ईसीयूला नव्यानं शिकवावे लागतात आणि शिकवण्याची आज्ञा फक्त कंपनीच्या स्कॅनरमधून जाते. मामांनी सेन्सर हातानं थोडा फिरवून न्यूट्रलचा हिरवा दिवा आणला. गाडी गरम झाली की दिवा जायचा आणि मीटरवर आडवी रेघ यायची. मग ईसीयूला वाटायचं, गाडी गिअरमध्ये आहे. स्टँड लावला की इंजिन बंद.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथलं उत्तर: बाहेर बसवलेल्या पार्टला आम्ही स्कॅनर लावत नाही, सेन्सर पुन्हा आमच्याकडून घ्या, आमच्याकडूनच बसवा. अहो, पण सेन्सर तुमचाच आहे, पाकिटावर तुमचं नाव आहे. "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही, सर."

परत आलो. मामा म्हणाले, "बाळा, तुला रोज ऑफिसला जायचंय ना?" आणि त्यांनी स्टँडच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून टेप मारली.

आता ज्या शब्दाच्या आड हे सगळं चालतं, तो शब्द म्हणजे सुरक्षितता. अप्रशिक्षित माणसानं ईसीयूला हात लावला तर अपघात होईल म्हणून कुलूप, असं सांगितलं जातं. माझ्या गाडीची एकमेव सुरक्षा-यंत्रणा निकामी झाली ती त्या कुलपामुळे. मामांना दोष देणं सोपं आहे. पण दार बंद असेल तर माणूस खिडकीतून जातो, आणि मामांसमोर बाहेर पाच गाड्या रांगेत उभ्या होत्या.

कुलूप कसलं असतं तेही सांगतो, कारण असली कुलपं बनवणं हा माझ्याच धंद्याचा भाग आहे. स्कॅनर ईसीयूला म्हणतो, मला आत घे. ईसीयू एक आकडा फेकतो. त्या आकड्यावर ठरलेलं गुप्त गणित करून स्कॅनरनं उत्तर दिलं, तर दार उघडतं. उत्तम कल्पना आहे. चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेला ते कुलूप हवंच. प्रदूषणाच्या मर्यादेशी खेळता येऊ नये म्हणून इंधनाच्या नकाशाला हवं, यावरही माझी तक्रार नाही. पण 'न्यूट्रल म्हणजे किती व्होल्ट' हे कसलं गुपित? कोडमध्ये कुठल्या कामाला कुलूप लावायचं, हे कुणीतरी बैठकीत बसून ठरवतं. मी अशा बैठकांत बसलो आहे. (गाड्यांच्या नाही, पण बैठका सगळीकडे सारख्याच.) तिथे 'सगळंच बंद ठेवू' हा पर्याय सर्वांत कमी चर्चेत मंजूर होतो आणि घरी लवकर जाता येतं.

हे नवं नाही. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं, कोर्टकचेऱ्या. तो खटला चारचाकींचा होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि साध्या दुचाकीतही इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू आले, म्हणजे तोच प्रश्न मामांच्या दारात आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि ग्राहक सेवेचा फोन नंबर म्हणजे मॅन्युअल नव्हे.

शेवटी मी ते घरी केलं, कुलूप न तोडता. ऑफिसातल्या एका मित्राकडे त्याच मॉडेलची, हात न लावलेली गाडी आहे. रविवारी त्याच्या पार्किंगमध्ये मागचं चाक अधांतरी ठेवलं, चावी चालू, इंजिन बंद. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मागून टाचणी घातली आणि पाचशे रुपयांचा मल्टिमीटर लावला. चाक हातानं फिरवत एकेक गिअर टाकला आणि आकडे लिहिले: पहिला ०.६०, न्यूट्रल ०.९५, दुसरा १.३०, मग प्रत्येक गिअरला ०.७० ची पायरी, सहाव्याला ४.१०. इतकं सरळ, की शाळेतल्या पोरानं आलेख काढावा. माझ्या गाडीत न्यूट्रलला १.०९ येत होते. सेन्सरच्या स्क्रूची भोकं लांबट असतात, ती फिरवता यावा म्हणूनच. न्यूट्रलमध्ये ठेवून तो दोनतीन मिलिमीटर फिरवला, ०.९५ वर आणून आवळला आणि सातही आकडे पुन्हा तपासले. सहाव्याला ४.११. चालेल. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन गाडी चांगली गरम केली. हिरवा दिवा जागेवर.

मग मामांकडे जाऊन टेप सोडवली, स्विच पुन्हा जोडला. स्टँड खाली ठेवून पहिला टाकला. इंजिन बंद. मामा हसले.

त्यांनी ते सात आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. दुसऱ्या दोन मॉडेलचे मिळतील का, असं विचारत होते. माझ्याकडे नाहीत. तसल्या गाड्या असलेलं कुणी ओळखीचं आहे का, शोधतोय.