आधी बोला, मग मत द्या!

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मैत्रिणीने लिहिलं, "यंदा हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या मैत्रिणींनाही बोलवू या का? वाण, तिळगूळ सगळं सारखंच देऊ."

त्यावर कुणी दोन शब्द लिहिण्याआधीच एकीने पोल टाकला. 'बोलवायचं' की 'नेहमीप्रमाणे'? कॉलनीतल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंनी पहिलं मत दिलं, 'नेहमीप्रमाणे'! कुणाचं मत कशाला, ते नावानिशी दिसत होतंच. मग काय, एकामागून एक नावं त्याखाली जमत गेली. रात्रीपर्यंत 38 विरुद्ध 4. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मात्र फोन सुरू झाले. "ताई, मला पटलं होतं हो, पण काकूंच्या विरुद्ध कसं जायचं?" एक नाही, सात-आठ जणी हेच म्हणाल्या. आणि मी? मी मतच दिलं नाही. गॅसवर दूध होतं, अशी मी माझीच समजूत घातली.

मैत्रिणींनो, हे फक्त आमच्याच कॉलनीत होतं असं नाही. 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. इंटरनेटवर बातम्यांची चर्चा चालते तिथल्या एक लाखाहून जास्त प्रतिक्रिया संशोधकांनी घेतल्या. त्यातल्या काहींना, मजकूर न बघताच, सुरुवातीला एक अनुकूल मत देऊन टाकलं. शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी जास्त भरले! पहिलं मत अनोळखी माणसाचं असूनही ही गत. आमच्याकडे तर ते रोज जिन्यात भेटणाऱ्या काकूंचं होतं.

2022 साली व्हॉट्सॲपवर पोलची सोय आली आणि कामं सोपी झाली, हे खरंच. सहलीला कोणता रविवार, भिशीला वडापाव की इडली, त्यासाठी पोल झकास. पण जिथे कुणाचं मन गुंतलेलं असतं तिथे आधी बोलणं हवं. बोट टेकवलं की आपलं काम झालं असं वाटतं आणि 'का' हा प्रश्न राहूनच जातो.

दारूच्या दुकानाविरुद्धचं आपल्या राज्यातलं मतदान आठवा. उभी बाटली की आडवी बाटली, हे बायका गुप्तपणे ठरवतात. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. पण त्याआधी घरोघरी फिरून, एकमेकींना समजावून बायका गाव जागं करतात. म्हणजे बोलणं उघड आणि मत झाकलेलं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

रथसप्तमीपर्यंत वेळ होता. एका दुपारी गच्चीवर सगळ्या जमलो, तासभर बोललो आणि मग चिठ्ठ्या टाकल्या. 'बोलवायचं' 29, 'नेहमीप्रमाणे' 13. काकू रागावतील म्हणून मी घाबरले होते. त्या उलट म्हणाल्या, "अगं, मी आपलं माझं मत दिलं. तुम्हाला गप्प बसायला कुणी सांगितलं होतं?"

काय उत्तर देणार?

हळदीकुंकू छान झालं. ग्रुपमध्ये नवरा गेलेल्या सहा जणी आहेत. त्यातल्या चौघी आल्या, दोघी नाही आल्या. त्यांनी पोलमध्ये मत दिलं नव्हतं, पण 38 हा आकडा आणि त्याखालची नावं त्यांनीही वाचली होती.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर असा पोल आला, तर आधी "थांबा गं, जरा बोलू या" एवढं लिहायची हिंमत करा. मीही करणार आहे, दूध उतू गेलं तरी!