मांजराला गुरांचे औषध नको



आपल्या जोयडा तालुक्यात मांजर हे हौसेचे जनावर नाही. भाताची कणगी राखायची, माळ्यावरच्या बियाण्याला उंदीर लागू द्यायचा नाही, हे त्याचे काम. त्याबदल्यात त्याला ताकभात, मासळीचे काटे आणि चुलीजवळची ऊब मिळते. एवढ्या जवळच्या प्राण्याच्या औषधाबाबत मात्र आपण फार निष्काळजी आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्या मांजरीच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. गोठ्यात गाईंच्या गोचिडांसाठी आणलेले औषध होते. तेच पाण्यात मिसळून मी फडक्याने तिच्या अंगाला पुसले. गाईला चालते तर मांजरीला का चालणार नाही, असा साधा हिशेब! संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले, सगळे अंग थरथरू लागले. सकाळ काही तिने पाहिली नाही. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, औषधाने मेली?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे पशुवैद्यांनी कारण सांगितले. गुरांच्या औषधांत डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असते, कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. गाय किंवा कुत्रा ते पचवून शरीराबाहेर टाकू शकतो. मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही आणि विष मज्जासंस्थेवर चढते. त्यात मांजर दिवसभर स्वतःला चाटते, म्हणजे अंगावर लावलेले सारे पोटात जाते. अमिट्राझ, फिनेल, रॉकेल, कापूर, निलगिरीचे तेल हेही याच कारणाने मांजरावर वापरू नये. 'घरगुती' म्हणजे निरुपद्रवी, असे नाही.

मग लोक असे उपाय का करतात? त्यामागे भीती आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडताप प्रथम ओळखला गेला. गोचिडाच्या चाव्यातून तो माणसाला होतो. पुढे तो गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गच्या दोडामार्गात पोचला. आपल्याच जिल्ह्यातील सिद्दापूर तालुक्यात 2024 साली रुग्ण आढळले. तेव्हा रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, आरोग्य खात्याने दिलेले तेल लावावे, घरी आल्यावर अंग तपासावे. पण ही भीती मांजरावर विष ओतून काढणे हा काही उपाय नव्हे.

योग्य मार्ग सोपा आहे. औषधावर 'मांजरासाठी' असे लिहिले आहे का, हे आधी वाचावे. लिहिले नसेल तर ते लावू नये. मांजराचे वजन आणि वय पशुवैद्यांना सांगावे. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन यांचे मांजरांसाठीचे थेंब मिळतात. ते मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकतात. कुत्र्याच्या मोठ्या नळीतले थोडेसे मांजराला, असे कधीही करू नये. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय कोणतेच औषध नको. बारीक दातांच्या फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाकल्या तरी पुष्कळ काम होते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. त्यावर रॉकेल टाकू नये, काडी लावू नये, हाताने चिरडू नये.

कोणी म्हणेल, मांजराच्या थेंबांना पैसे पडतात, गोठ्यातली बाटली तर घरचीच आहे. ते खरे आहे. पण अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांची अंडी आणि अळ्या गोणपाटात, फटींत, जमिनीवरच्या धुळीत असतात. एक पिसू दिवसाला 40 च्या आसपास अंडी घालते. म्हणून मांजराचे अंथरूण गरम पाण्याने धुणे, कडक उन्हात टाकणे आणि कोपरे रोज झाडणे हा निम्म्याहून मोठा उपाय आहे. त्याला फक्त मेहनत लागते. गुरांना औषध लावल्यावर ते सुकेपर्यंत मांजराला गोठ्यात जाऊ देऊ नये, यालाही खर्च येत नाही.

चुकून असे औषध लागलेच, तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाने मांजराला लगेच धुवावे, पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळावे आणि औषधाच्या बाटलीसह पशुवैद्यांकडे न्यावे. उलटी करवू नये.

विश्वस्त मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. वर्षातल्या एका पालक सभेला पशुवैद्यांना बोलवावे आणि गुरे, कुत्री, मांजरे यांची औषधे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत. आपली मुले कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा वाचतात. घरातल्या आजी-आजोबांना औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर त्यांनीच वाचून दाखवावे. शिकण्याचा याहून रोखठोक उपयोग कोणता?

मुक्या जनावराला औषध नको असे म्हणता येत नाही. म्हणून आपण वाचूनच लावावे.