रिकाम्या रस्त्याचे मोजमाप

मोटारगाडीची परीक्षा कशी करावी, याचे एक ठरावीक शास्त्र बनून गेले आहे. उभी गाडी ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, तिची अश्वशक्ती किती, वळणावर ती किती स्थिर राहते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की परीक्षा संपली. शर्यतीच्या गाडीचा जोर आणि दिवाणखान्याचा थाट एकत्र आणणारी आलिशान सेडान हे तर या शास्त्राचे लाडके अपत्य होय. तिचे मालक आणि परीक्षक केवळ कागदावरच्या आकड्यांवर समाधान मानत नाहीत; प्रत्यक्ष रस्त्यावर ती कशी चालते, हे ते आवर्जून विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर ज्या रस्त्यावर शोधले जाते तो बहुधा पहाटेचा घाट असतो, मध्यरात्रीचा उड्डाणपूल असतो किंवा बंदिस्त धावपट्टी असते. माणसांनी भरलेल्या रस्त्यावर ही परीक्षा सहसा कोणी घेत नाही. ती घेण्याची वेळ आता आली आहे.

या जातीच्या गाड्यांचा आदर्श मानली जाणारी बी.एम.डब्ल्यू. कंपनीची एम-५ उदाहरणादाखल घ्यावी. १९८५ साली ती बाजारात आली तेव्हा तिची शक्ती २८६ अश्वशक्ती होती आणि वजन दीड टनाच्या आत होते. २०२४ साली आलेल्या तिच्या नव्या आवृत्तीची शक्ती ७२७ अश्वशक्ती असून वजन २,४३५ किलो आहे. साडेतीन सेकंदांत ती ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती भारतात विक्रीला आली तेव्हा शोरूममधील किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. चाळीस वर्षांत शक्ती अडीच पटींनी वाढली, वजन जवळजवळ एक टनाने वाढले. आता रस्त्याची बाजू पाहावी. टॉमटॉम या कंपनीने केलेल्या २०२४ सालच्या वाहतूक-पाहणीनुसार पुणे शहरात १० किलोमीटर जाण्यास सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता; म्हणजे वेग ताशी १८ किलोमीटर. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात साधा सायकलस्वार या वेगाशी सहज बरोबरी करील. एस.टी.ची साधी बस या गाडीच्या एक तृतीयांशाहून कमी अश्वशक्तीत चाळीसेक प्रवासी वाहून नेते. सेडानमध्ये बहुधा मालक आणि चालक, आणि मालकाला स्वतः चालविण्याची हौस असेल तर एकटा मालकच असतो.

कारखानदारांनी दिलेले आकडे आणि रस्त्यावरचे सत्य यांत किती अंतर असते, याचा अनुभव युरोपने घेतला आहे. परीक्षेच्या वेळी प्रदूषण कमी दाखवायचे आणि रस्त्यावर मोकळे सोडायचे, अशी व्यवस्था संगणकातच करून ठेवलेल्या फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले. अशा गाड्यांची संख्या जगभरात सुमारे १ कोटी १० लाख होती. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर असे आढळले की, पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या, बाहेरून भारित कराव्या लागणाऱ्या गाड्या प्रत्यक्षात अधिकृत आकड्याच्या सरासरी साडेतीनपट इंधन जाळतात. वर उल्लेखिलेली नवी एम-५ याच वर्गातील आहे. कंपनीने बॅटरी दिली, मालकाने पेट्रोल जाळले आणि पर्यावरणरक्षणाचे श्रेय मात्र दोघांनी वाटून घेतले!

मग ही सातशे अश्वशक्ती जाते कुठे? गर्दीच्या रस्त्यावर ती बव्हंशी निजलेलीच असते. ती जागी होते तेव्हा तिला रस्ता रिकामा लागतो, आणि तो तसा नसला तर जो कोणी आड येईल त्याच्या जिवावर ती खर्च होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. हे सारे आलिशान गाड्यांनी केले, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु वेग हाच पराक्रम मानणारी जी वृत्ती या मृत्यूंच्या मुळाशी आहे, तिची उघड उपासना आणि विक्री या गाड्यांच्या जाहिरातींतूनच होते.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात विजेवर चालणाऱ्या पोर्शे टायकान सेडानने एका दुचाकीला उडविले. दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. लोकक्षोभ उसळल्यावर चक्रे उलटी फिरली. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु परिवहन खात्याने तेव्हा जे सांगितले त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे राहिली होती. वीजगाडी म्हणून तिला राज्याचा मोटार वाहन कर माफ होता. करोडोंच्या गाडीकडून राज्याला येणे होते ते एवढे, आणि तेवढेही भरलेले नव्हते.

वेग यंत्राने आवरता येत नाही, असे नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११८वा नियम मालवाहू आणि प्रवासी वाहतुकीच्या अनेक वाहनांना वेगनियंत्रक बसविण्याची सक्ती करतो व त्यांचा वेग ताशी ८० किलोमीटरवर बांधून टाकतो. ट्रकवर रोजी कमावणाऱ्या चालकाच्या विवेकावर शासनाचा विश्वास नाही. म्हणून तेथे यंत्र बसले. खासगी सेडानच्या मालकाच्या विवेकावर मात्र शासनाची अढळ श्रद्धा आहे. त्याची गाडी ताशी अडीचशे किलोमीटर धावू शकते आणि समृद्धी महामार्गावरची मर्यादा १२० आहे, तरी तिला कुलूप नाही. युरोपीय संघाने जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची जाणीव करून देणारी यंत्रणा सक्तीची केली. ती चालकाला बंद करता येते, हे तिचे दुबळेपण खरे. परंतु खासगी मालकालाही नियम लागू पडतो, एवढे तरी तिने मान्य केले आहे.

रिकामा रस्ता आपोआप मिळत नाही. तो सार्वजनिक पैशातून बांधावा लागतो. मुंबई महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा रस्ता बांधला. मार्च २०२४मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला तेव्हा दुचाकी, रिक्षा आणि मालवाहू वाहने यांना तेथे बंदी होती. मोटारींना पथकरही नव्हता. त्याच शहरात बेस्टचा बसताफा, जो एके काळी चार हजारांहून मोठा होता, २०२५ साली तीन हजारांच्याही खाली आला, आणि ९ मे २०२५ रोजी साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. घरकाम करणाऱ्या बाईला, मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेरीत झाडू मारणाऱ्या कामगाराला ही दुप्पट वाढ सोसावी लागली. मोटारवाल्याला रस्ता फुकट आणि बसवाल्याला तिकीट दुप्पट, अशी ही वाटणी आहे.

'गाडी स्वतःच्या पैशाची, कर भरलेला; मग इतरांना पोटशूळ का?' असा प्रश्न यावर केला जातो. आयात मोटारींवर जबर सीमाशुल्क आहे, हे खरेच आहे. परंतु हिशेब पुरता मांडावा. मोठ्या इंजिनाच्या सेडानवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि २० टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो एकूण ४० टक्क्यांवर आला. वीजगाडीवर किंमत कितीही असो, ५ टक्केच कर कायम राहिला. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील वीजगाड्यांना ६ टक्के कर लावण्याचे ठरविले आणि तो महिना संपण्यापूर्वीच माघार घेतली. शिवाय गाडी पुष्कळदा कंपनीच्या नावावर असते. मग दरसाल १५ टक्के घसारा, इंधन आणि चालकाचा पगार धंद्याच्या खर्चात जातो. १९६२च्या आयकर नियमांत तर कंपनीने दिलेल्या आणि खासगी कामालाही वापरलेल्या मोठ्या इंजिनाच्या मोटारीचे करपात्र मूल्य कित्येक वर्षे महिना अवघे २,४०० रुपये धरले जाई. चालक असल्यास आणखी ९००. गाडी दहा लाखांची की दोन कोटींची, हे पाहण्याचे कारणच नव्हते. यातील किती पैसा खरोखर 'स्वतःचा' होता, हे सुज्ञांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे. चाकणच्या कारखान्यात आलिशान मोटारी जोडल्या जातात, त्यावर कामगारांची घरे चालतात. कामगाराचे कौशल्य वादातीत आहे. परंतु तेच कौशल्य बस बांधण्यासही उपयोगी पडते. काय बनवायचे हे कामगार ठरवीत नाही. मागणीचा आणि कराचा कल ते ठरवितो, आणि कराचा कल शासनाच्या हाती आहे.

१९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत प्रश्न उभा केला होता की, देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगत असताना राज्यकर्त्यांच्या इतमामावर किती खर्च व्हावा. देशाचे मोजमाप तळच्या माणसापासून करावे, हा त्या वादाचा गाभा होता. रस्त्याला तोच नियम लावला पाहिजे. मोटार वाहन कर किमतीप्रमाणे आणि वजनाप्रमाणे चढता हवा. वीजगाडीची सवलत बस, रिक्षा आणि स्वस्त वाहनांपुरतीच हवी. ट्रकला लावलेला वेगनियंत्रक अधिक शक्तीच्या खासगी गाडीलाही लागला पाहिजे. सागरी रस्त्याची एक मार्गिका बससाठी राखून त्यावर पुरेशा बसगाड्या धावल्या पाहिजेत. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. साध्या न्यायाला धरून त्या आहेत. दोन कोटींच्या सेडानची खरी कसोटी साडेतीन सेकंदांत लागत नाही. ती जाऊ लागली असता रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला हातातली पिशवी सोडून पळावे लागते की सावकाश पलीकडे जाता येते, यावर ती लागते. आज म्हातारीला पळावे लागते.