बुडालेला शहीद, मग बुडवणारा कोण?

धरणात माणूस बुडाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अल्लाहची मर्जी." दुसरंही ठरलेलं असतं, "पाण्यात गेला, शहीद झाला." जनाजा उठतो, दुआ होते, आणि पुढच्या रविवारी त्याच काठावरून तशीच होडी गळवाल्यांना घेऊन निघते. लाइफ जॅकेट एकाच्याही अंगावर नसतं.

बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहिदांत गणलं आहे, हे खरंच. पण ते सांत्वन कुणासाठी आहे? मागे राहिलेल्या आईसाठी, बायकोसाठी, पोरांसाठी. होडीमालकाला दिलेली ती माफीची चिठ्ठी नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितलं. ही हदीस आपल्या पोरांना तोंडपाठ असते. मग जॅकेटचा पट्टा बांधताना ती कुठे जाते?

उजनीचं उदाहरण घ्या. भीमेवरचं हे ११७ टीएमसीचं धरण. २१ मे २०२४च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुलं होती. एक जण पोहत काठाला लागला. ती होडी प्रवाशांची होती, पण वारा प्रवासी कोण आणि गळवाला कोण हे पाहत नाही.

मे महिन्यातला वळीव कसा येतो, हे गावातल्या कुणालाही विचारा. दुपारभर उकाडा, मग क्षितिजावर काळा ढग, मग एकाएकी थंड वारा. पाऊस मागून येतो, वारा आधी पोहोचतो. मोठ्या जलाशयावर त्याला अडवायला ना झाड, ना टेकडी. पैठणचा नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद आहे. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. पाणी उथळ असेल तर त्या आखूड आणि खड्या होतात. होडीचा काठ पाण्यापासून वीतभर वर. दोन लाटा आडव्या बसल्या की पाणी आत येतं, ते एका बाजूला लोटतं आणि होडी कलंडते.

त्यात गळवाल्यांच्या खास सवयी. गळ फेकायला उभं राहायचं. मरळ लागली की चौघांनी एकाच बाजूला धाव घ्यायची. नांगराचा दोर पुढच्या टोकाला न बांधता मागे किंवा बाजूला बांधायचा, म्हणजे वाऱ्याने होडी ओढली गेली की तीच कड पाण्याखाली जाते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडं पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात. पळसदेवचं देऊळ वर आलं की आपण फोटो काढायला जातो. पण न दिसणारी भिंत होडीचा तळ फाडू शकते, हे ध्यानात घेत नाही.

सबबी मला पाठ आहेत. "आम्हाला पोहता येतं." विहिरीत पोहणं वेगळं आणि कपडे-बुटांसह लाटांत एक किलोमीटर कापणं वेगळं. पाण्यावरून काठ नेहमी जवळ भासतो. म्हणून होडी उलटली तरी तरंगत असेल, तर तिला धरून राहावं. काठाकडे झेपावू नये. "जॅकेट होडीत ठेवलंय." पाण्यात पडल्यावर ते शोधून, घालून, पट्टे बांधणं जवळजवळ अशक्य. "महाग आहे." चार हजारांची रीळ घेणाऱ्याने हे बोलू नये.

रोजीरोटीसाठी पहाटे जाळं टाकणाऱ्या मच्छीमाराला मात्र मी हे सुनावणार नाही. ट्यूबवर किंवा थर्माकोलवर बसून तो जीव धोक्यात घालतो, कारण घरी चूल पेटवायची असते. त्याला जॅकेट मिळवून देणं हे शासनाचं, मच्छीमार सोसायटीचं आणि जलाशयाच्या ठेकेदाराचं काम आहे. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक होड्यांची नोंदणी आणि तपासणी सांगितली आहे. बिनयंत्राच्या होड्यांच्याही नोंदीची तरतूद त्यात आहे. कायदा दिल्लीत झाला, पण होडी काठावरून सुटते. तिथे विचारणारा कोण आहे?

आपल्यालाच विचारावं लागेल. बासी ईदला धरणावर सहल नेणाऱ्यांनी बिर्याणीच्या देगीआधी जॅकेटं मोजावीत. एप्रिल-मेच्या एखाद्या जुम्म्याला इमामसाहेबांनी खुत्ब्यात पाच मिनिटं यावर बोलावं. जीव ही अमानत आहे, हे सांगायला याहून चांगला विषय कोणता? होडीवाल्याने जॅकेट नसलेल्याला, आणि ढग दिसल्यावर कुणालाही, होडीत घेऊ नये. घेतलंच, तर आपण उतरावं.

मर्जी अल्लाहचीच असते. पण जॅकेट घरी ठेवण्याची मर्जी आपली असते. तिचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल.