भाकरी कुणी थापली?

दिवाळीत साताऱ्याला आजोळी गेलो होतो. माळा आवरताना आजीच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. मी एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढत बसलो. मामा म्हणाला, "अरे, समोर अजिंक्यतारा आहे. फोटो काढायचे तर तिथं जा. ह्यात कसला इतिहास?"

मामाला दोष देत नाही. आपली पिढीही हेच मानते. गडावर ड्रोन उडवला, रीलला ढोल-ताशे लावले की इतिहास झाला. घरातली ती अडगळ.

मग कुंडलचं बघा. सांगली जिल्ह्यातलं हे गाव प्रतिसरकारचं केंद्र. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीला सरकारी पगाराची गाडी लुटली, हे आपण अभिमानाने सांगतो. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं पाठ असतात. पण भूमिगत माणसं रात्री-अपरात्री दारात यायची, तेव्हा चूल कुणी पेटवली? भाकरी कुणी थापली? पोलीस आले असते तर त्या बाईचीही धडगत नव्हती. तिचं नाव विचारा. बहुतेक घरांत नातवालाही सांगता येणार नाही. सरकारशी लढणाऱ्यांचं पोट भरणं हा लढा नव्हता, असं कुणी ठरवलं?

त्याच कुंडलच्या कमलाबाई ओगले. १९७० साली त्यांचं 'रुचिरा' आलं. 'अंदाजाने' न म्हणता वाटी-चमच्याचं माप देणारं हे पुस्तक मी कादंबरीसारखं वाचतो. घरात काय शिजायचं, नव्या सुनेला काय येत नसायचं, सगळं त्यात दिसतं. पण ते पांढरपेशा स्वयंपाकघर. भाकरी-कोरड्यासाच्या घरांतल्या बायकांचं असं पुस्तक कुठंय? तिथं आठवण हाच कागद, आणि आठवणी सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.

कागद होते तिथं तरी आपण काय दिवे लावले? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत पत्रं आणि दोन अल्बम होते. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा बाहेर काढला. आज ऑफिसात कोडच्या एका ओळीचाही बॅकअप नसेल तर मी आरडाओरडा करतो. त्या ट्रंकेची मात्र एकही प्रत नव्हती, आणि कॅमेऱ्याचा फोन कित्येक वर्षं माझ्या खिशात होता. पुराला काय बोल लावू?

"उपयोग काय?" असं कुणी विचारलं तर सरळ सांगा, मजा येते. जुनं अक्षर लावण्यात, फोटोतल्या कपबशीवरून साल ओळखण्यात मजा आहे. तेवढं कारण पुरतं. पण मजेमजेत भलतंच हाती लागतं. आजीच्या वहीत रॉकेल, गूळ, दळण यांच्या खाली एक ओळ होती : 'दोन बांगड्या मोडल्या. फी भरली.' फी मामाच्या डिप्लोमाची. मामाला हे ठाऊकच नव्हतं. ते पान तो बराच वेळ हातात धरून बसला.

गडावर जरूर जा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिच्या चुलीचा, जात्याचा, वहीचा फोटो काढा. जुन्या फोटोतल्या बायकांची नावं विचारा. 'अमक्याची आई' नको, तिचं स्वतःचं नाव. माहेरचंही. ते लगेच लिहून ठेवा.

पुढच्या सुट्टीत बघू म्हणू नका. आम्ही तेच म्हणत होतो.