पालाला सातबारा कधी?

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. कपाळावरचा शिक्का पुसला, पण पायाखाली जमीन आली नाही. शासन म्हणतं, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे ना! पाच गुंठे जागा, २६९ चौरस फुटांचं घर. कागदावर छान आहे. पण जागा कुठे आहे? माजलगाव तालुक्यात भटक्या-विमुक्तांच्या वसाहतीसाठी कोणतं गायरान राखून ठेवलंय, हे तहसीलने गावनिहाय जाहीर करावं.

गायरानावर पाल पडलं की लगेच 'अतिक्रमण'! त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल पुढे करतात. त्याच निकालात, शासनाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर अपवाद सांगितलाय. मग पट्टे द्यायचे कुणी? शासनानेच ना?

मित्रांनो, १९६४ चा दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह भूमिहीनांचा होता, एकट्या आपल्या जातीचा नव्हता. म्हणून येत्या ग्रामसभेत पालातल्या माणसांना सोबत घेऊन बसा आणि जागेचा ठराव लिहून घ्या. आधी जागा, मग घरकुल. त्याशिवाय आम्ही उठणार नाही!

जय भीम!