काय दिवे लावणार?

दारात पणत्या लावताना आम्हांला एक प्रश्न आठवला. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात 'सारथी'च्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारले की, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत? सभागृहाला एकट्याला दोष कशाला द्या! मुलगा 'संशोधन करतो' असे ऐकताच हातातली चहाची बशी खाली ठेवणारे वधूपिते आमच्या नगर जिल्ह्यात काही कमी नाहीत.

तर ऐका. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950-51 च्या हंगामात त्याचे धुराडे पेटले. त्याचे पहिले अध्यक्ष कोण? धनंजयराव गाडगीळ, अर्थशास्त्राचे संशोधक! हा माणूस आभाळातून पडला नव्हता. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून 1930 मध्ये पुण्यात गोखले संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे संचालक झाले. म्हणजे प्रवराकाठच्या शेतकऱ्याला गरज पडण्याआधी वीस वर्षे कुणीतरी त्यांच्या विद्येची सोय लावून ठेवली होती. दर अकरा महिन्यांनी नव्या नेमणुकीसाठी त्यांना उंबरठे झिजवावे लागले असते, तर ते लोणीला कशाला पोचतात!

आणि आज? राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेले भगवे डाळिंब आपण फराळाशेजारी ठेवतो. उसाचा एक वाण सिद्ध व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, तर केंद्राची अधिछात्रवृत्ती पाच वर्षांत आटोपते. 2023 पासून ती सुरुवातीला महिना 37 हजार झाली, हे खरे. पण ती मिळते किती जणांना? पुढे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे. जितके तास, तितके पैसे. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, म्हणजे ऐन सणात हात रिकामा!

पुष्कळ प्रबंध रद्दीच्या लायकीचे असतात, असे कुणी म्हणेल. असतात. मग परीक्षा कडक करा, निवड पारखून करा. बी किडके निघाले म्हणून नांगर मोडणारा शेतकरी आम्ही पाहिला नाही.

अधिछात्रवृत्ती महिन्याच्या महिन्याला हाती पडावी, मंजूर जागा भराव्यात, ही मागणी सरकारकडे. पण जिल्ह्यातल्या कारखान्यांचे काय? उसाच्या टनामागे नाना कपाती होतात. त्यांत एक रुपया तरुण संशोधकांच्या नावाने का नसावा? येत्या वार्षिक सभेत हा ठराव घेऊन कोणता सभासद उठतो, ते आता पाहू.